बटाटा, नीरा आणि डॉ. कमला सोहोनी

होस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या माणसाला बटाट्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. सोमवारी सुका बटाटा, मंगळवारी रस्सा बटाटा, बुधवारी फ्लॉवर-बटाटा (यातला फ्लॉवर ज्याला सापडेल तो नशीबवान!) आणि रविवारी फीस्ट म्हणून आलू पराठा. पण याच बटाट्यावर काम करून एका मराठी मुलीने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, तीही फक्त चौदा महिन्यांत आणि चाळीस पानांच्या प्रबंधावर, हे मला मागच्या सेमिस्टरपर्यंत माहीत नव्हतं. त्या मुलीचं नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी म्हणजे घरात बोलण्यापुरतं आणि पेपरात पास होण्यापुरतं. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका संपादकांच्या नजरेतून सुटल्या असतील त्या माझ्या. चूकभूल द्यावी घ्यावी.

तर, टीईच्या सेमिनारला मी विषय घेतला होता एन्झाइम इंजिनिअरिंग. कॉम्प्युटरच्या मुलीला हे कुठून सुचलं, असं गाइड सरांनी विचारलंच. मी म्हटलं, सर, २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. कशासाठी? तर प्रथिनांची रचना कॉम्प्युटरवर ओळखण्यासाठी आणि निसर्गात नसलेली प्रथिनं डिझाइन करण्यासाठी. म्हणजे हा विषय आता आपलाही झाला! सरांना पटलं.

एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात. मी पहिल्यांदा तो शब्द विकार असा वाचला आणि घाबरले. विकर म्हणजे सजीवांच्या पेशीतला कारागीर. एखादी रासायनिक क्रिया जी एरवी होता होता वर्षं घेईल, ती हा क्षणात करून टाकतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. तो बनलेला असतो अमिनो आम्लांच्या लांब माळेचा. माळेत मणी वीस प्रकारचे. माळ गुंडाळली गेली की तिला एक ठराविक आकार येतो आणि त्या आकारात एक खाच तयार होते. त्या खाचेत जो रेणू नीट बसतो त्याच्यावर काम होतं. माळेतला एखादा मणी बदलला की खाचेचा आकार किंवा स्वभाव बदलतो, आणि कारागिराचं कामही बदलू शकतं. एन्झाइम इंजिनिअरिंग म्हणजे मुद्दाम, ठरवून केलेली ही मण्यांची अदलाबदल.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आमचं शेत इंदापूर तालुक्यात. आज्जीने विचारलं, काय शिकतेस गं सध्या. आता आज्जीला एन्झाइम कसं सांगणार? मग मला ऊस आठवला. तोडलेला ऊस फडात पडून राहिला, ट्रॅक्टर वेळेवर आला नाही, की साखरेचा उतारा घटतो, हे इंदापूर-बारामतीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते का घटतं? उसात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं. ऊस तोडल्यावर ते साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करायला लागतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे तुकडे गोड असतात, पण कारखान्यात त्यांची दाणेदार साखर होत नाही. म्हणजे तोडणीपासून गाळपापर्यंतची आपल्याकडची सगळी धावपळ ही एका एन्झाइमशी लावलेली शर्यत आहे!

आज्जीला हे लगेच समजलं. मग तिने विचारलं की ही सगळी शोधाशोध परदेशातल्याच लोकांनी केली का, आपल्यातल्या कुणी काही केलं की नाही. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, नाही, आपल्याकडे असलं काम झालेलं नाही.

मी चुकीचं सांगितलं होतं. सुट्टीवरून परत आल्यावर लायब्ररीत सायटोक्रोम-सी या प्रथिनाविषयी वाचत होते, आणि तिथे मला कमलाबाई भेटल्या. खरं म्हणजे लाज वाटली. गूगलने १८ जून २०२३ ला त्यांच्या वाढदिवसाचं डूडल केलं होतं. मी ते पाहिलंही असेन आणि पुढे सरकले असेन.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरची टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सुरू झाली तेव्हाच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे भाऊ. मोठी बहीण दुर्गा. होय, त्याच दुर्गा भागवत! १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात बोललेल्या. एका घरात अशा दोन मुली. त्यांच्या आईवडिलांचा मला हेवा वाटतो, आणि थोडी काळजीही.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाच्या बी.एससी. परीक्षेत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. पुढे कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथे शिकले तिथे, बंगलोरला. त्यांनी संशोधनासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला.

नाकारणारे होते सर सी. व्ही. रमण. १९३० चे नोबेल विजेते, आणि १९३३ पासून त्या संस्थेचे संचालक. मार्कांचा काही प्रश्न नव्हता. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती. मुलींना संशोधन जमणार नाही असं त्यांचं मत होतं.

रमण म्हणजे आपण फिजिक्सच्या पुस्तकात वाचलेले रमण, ज्यांच्या शोधाच्या दिवशी आपण विज्ञान दिन साजरा करतो ते. मोठ्या माणसाची मतंही मोठीच असतील असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कमला मात्र परत फिरल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या आणि रमण यांच्या ऑफिसबाहेर सत्याग्रहाला बसल्या. तो गांधीजींचा काळ होता, सत्याग्रह हा शब्द देशभर घरोघरी पोचला होता. पण परक्या सरकारविरुद्ध सत्याग्रह करणं वेगळं आणि आपल्याच देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या शास्त्रज्ञाच्या दारात बसणं वेगळं. त्यांचं वय तेव्हा बावीसच्या आसपास, म्हणजे आपल्या बीईच्या मुलींएवढं.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिली अट, पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानलं जाणार नाही, काम पाहून मग ठरवू. दुसरी, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. तिसरी, प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट मी दोनदा वाचली. लक्ष मुलांचं आणि अट मुलीला!

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान होता हे त्या विसरल्या नाहीत, पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं. पण तेव्हा त्या आत गेल्या आणि कामाला लागल्या. गाइड होते एम. श्रीनिवासय्या. दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं. आपल्या देशातल्या गरीब माणसाला प्रथिनं मिळतात ती प्रामुख्याने याच गोष्टींतून. वर्षभरात रमण यांना आपलं मत बदलावं लागलं, आणि त्यानंतर संस्थेची दारं मुलींसाठी उघडली. १९३६ साली कमलाबाईंना एम.एससी. मिळाली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. १९३७ च्या डिसेंबरमध्ये न्यूनहॅम कॉलेजमध्ये दाखल झाल्या. ज्या जीवरसायनशास्त्राच्या विभागात त्या काम करणार होत्या त्याचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स, व्हिटॅमिनच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. आधी डॉ. डेरेक रिक्टर यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी काम केलं. हिल वनस्पतींच्या पेशींवर काम करायचे. इथे कमलाबाईंच्या हातात बटाटा आला.

आता थोडं सायन्स. कंटाळू नका, पुढे याचा उपयोग आहे.

आपण श्वास घेतो ते फुप्फुसात, पण खरं श्वसन चालतं पेशीच्या आत. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी ऑक्सिजनला पोचतात. गावात गंजीला आग लागली की लोक विहिरीपासून रांग लावून बादल्या पुढे देतात ना, अगदी तसं. या रांगेतला एक माणूस म्हणजे सायटोक्रोम-सी. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो. तो एका हाताने इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्या एन्झाइमच्या हातात देतो. कमलाबाईंच्या चरित्रांमध्ये याला बहुतेक ठिकाणी एन्झाइमच म्हटलेलं असतं. काटेकोर बोलायचं तर ते एन्झाइमच्या रांगेत उभं राहून वाहतूक करणारं प्रथिन आहे.

सायटोक्रोमवर केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं होतं. पण वनस्पतींच्या पेशीत ही रांग कशी चालते, हे तेव्हा नीट उलगडलेलं नव्हतं. कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवलं, आणि वनस्पतींच्या पेशींतल्या ऑक्सिडेशनमध्ये त्याचा भाग असतो हेही. म्हणजे बटाटा आणि तो खाणारे आपण, दोघांच्या पेशीत इलेक्ट्रॉनच्या बादल्या पुढे देणारा माणूस एकच निघाला! हे काम त्यांनी चौदा महिन्यांत पूर्ण केलं आणि चाळीस टाइप केलेल्या पानांत मांडलं. (आपले प्रोजेक्ट रिपोर्ट आठवा. शंभर पानं, त्यातली वीस सर्टिफिकेट आणि अनुक्रमणिका!) १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्याआधी १९३१ साली जानकी अम्मल यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डी.एससी. मिळाली होती, पण ती पदवी वेगळी.

आणि फक्त बंगलोरलाच नावं ठेवायला नकोत. केंब्रिजमध्येसुद्धा त्या काळी स्त्रियांना पदवी मिळायची ती नावापुरती. विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व आणि पुरुषांच्या बरोबरीची पदवी द्यायला केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिलं.

१९३९ मध्येच कमलाबाई भारतात परत आल्या. केंब्रिजची पदवी, हॉपकिन्ससारख्यांच्या विभागात केलेलं काम, परदेशात राहणं त्यांना अशक्य नव्हतं. तरी त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. मग दक्षिणेत कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत असिस्टंट डायरेक्टर. तिथे व्हिटॅमिनवर काम केलं. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते ॲक्च्युअरी होते, विम्याचे गणिती. लग्नानंतर कमलाबाई मुंबईत आल्या आणि पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

इथून पुढचं त्यांचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. कारण ते आपल्या ताटातलं आहे.

पहिलं उदाहरण नीरेचं. आता बारामती-इंदापूरच्या माणसाला नीरा म्हटलं की आधी नदी आठवते, डावा कालवा आठवतो, नरसिंहपूरचा संगम आठवतो. पण इथे नीरा म्हणजे प्यायची नीरा, शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाचा ताजा गोड रस. आज्जी सांगते की माझे बाबा तिच्या पोटात होते तेव्हा आजोबा पहाटे सायकलवर जाऊन तिच्यासाठी नीरा आणायचे, आणि ऊन चढायच्या आत प्यायला लावायचे. ऊन चढलं की नीरा आंबते. म्हणजे हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट आपल्या एन्झाइमनी तिच्यातल्या साखरेचा अल्कोहोल करायला लागतं, आणि नीरेची ताडी होते. पुन्हा तीच उसासारखी शर्यत.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास सुरू केला. तिच्यात अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असल्याचं त्यांना आढळलं. नीरा आटवून केलेल्या गुळात आणि काकवीतसुद्धा हे घटक टिकून राहतात हेही दिसलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरेचा समावेश केला तेव्हा त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आजोबांनी यातलं काही वाचलं नव्हतं, पण सायकल मात्र बरोबर दिशेला मारली होती.

दुसरं उदाहरण वालाचं. १९५५ साली कमलाबाई आणि त्यांचे सहकारी यांचा एक शोधनिबंध नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. विषय, वाल आणि डबल बी यांच्यातले ट्रिप्सिन अडवणारे पदार्थ. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं एन्झाइम. वालात एक असं प्रथिन असतं की ते जाऊन ट्रिप्सिनच्या खाचेत घट्ट बसतं. कुलपात काडी मोडून अडकली की किल्लीच आत जात नाही, तसं ट्रिप्सिन निकामी होतं, आणि खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही. कमलाबाईंनी हे अडवणारे पदार्थ वेगळे काढले, तेही शुद्ध स्फटिकांच्या रूपात. कडधान्य नीट शिजवलं की उष्णतेने त्यांचा जोर बराच कमी होतो. गरिबाच्या पोटात गेलेलं प्रथिन त्याच्या अंगी का लागत नाही, हा प्रश्न बंगलोरपासून त्यांच्या डोक्यात होता. त्याच्या उत्तराचा एक तुकडा इथे मिळाला.

एन्झाइमचं काम बदलायचे मार्ग बघितले तर त्याला अडवणं हा सगळ्यात साधा मार्ग. आणि तो आपल्या आज्या-पणज्या डाळ-उसळ मऊ शिजवताना न कळत उलटवत आल्या आहेत.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला, दूध नासू नये म्हणून पद्धत बसवून दिली. एवढं सगळं करूनही इन्स्टिट्यूटचं संचालकपद त्यांना वेळेवर मिळालं नाही. अंतर्गत राजकारणात त्यांची चार वर्षं गेली. म्हणजे बावीसाव्या वर्षी दाराबाहेर बसावं लागलं, आणि पन्नाशीच्या आसपास पुन्हा एकदा दुसऱ्या दाराबाहेर थांबावं लागलं. शेवटी त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीच्या आधीच, १९६६ साली, मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था सुरू केली. त्यात कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या लिहायच्या. ज्या बाईने केंब्रिजमध्ये बटाट्यातलं सायटोक्रोम-सी शोधलं तीच बाई सामान्य ग्राहकाच्या पिशवीत काय पडतं याचीही काळजी करत होती.

१९९८ साली इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या संस्थेच्या प्रमुखपदी पोचलेल्या पहिल्या स्त्री, डॉ. सत्यवती यांना कमलाबाईंची हकिगत समजली होती. त्या सत्कार समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचं निधन झालं.

आता मी सेमिनारच्या विषयाकडे परत येते, कारण गोष्ट इथे संपत नाही.

कमलाबाई निवृत्त झाल्यानंतर एन्झाइमचं शास्त्र फार पुढे गेलं. १९७८ मध्ये कॅनडात मायकेल स्मिथ यांनी जनुकातलं ठरवलेलं एकच अक्षर बदलण्याची पद्धत काढली. त्याबद्दल त्यांना १९९३ चं नोबेल मिळालं. म्हणजे आता माळेतला हवा तो मणी काढून दुसरा घालता येऊ लागला. होस्टेलमध्ये आपण बादलीत जी वॉशिंग पावडर टाकतो, तशा पावडरींमध्ये सबटिलिसिन नावाचं एन्झाइम वापरतात. ते घामाचे, रक्ताचे, अंड्याचे डाग, म्हणजे प्रथिनांचे डाग, तोडतं. पण ब्लीच लागलं की ते मरतं. का? तर माळेतला २२२ नंबरचा मणी, मेथिओनिन, ब्लीचमुळे खराब होतो. १९८५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो एक मणी बदलला, आणि ब्लीचला पुरून उरणारं एन्झाइम तयार झालं. एक मणी!

पण कुठला मणी बदलायचा हे प्रत्येक वेळी आधी कळत नाही. यावर फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९० च्या दशकात वेगळाच रस्ता काढला. कुठेही मणी बदला, हजारो नमुने करा, त्यातले जे हवं ते काम जरा बरं करतात तेवढे निवडा, त्यांच्यात पुन्हा बदल करा. आज्जी सुगीत ज्वारीची सगळ्यात भरलेली कणसं बियाण्यासाठी बाजूला काढते, त्यातलाच प्रकार, फक्त टेस्ट ट्यूबमध्ये. अर्नोल्ड मूळच्या मेकॅनिकल इंजिनिअर बरं का! मेकवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं.

आणि याच अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेत २०१६ साली जे झालं, ते वाचतानाच मला कमलाबाई भेटल्या होत्या. कार्बन आणि सिलिकॉन यांचा जोड बनवणारं एकही एन्झाइम निसर्गात माहीत नव्हतं. पृथ्वीवर सिलिकॉन भरपूर, आपल्या वाळूतही सिलिकॉनच, पण सजीवांनी तो जोड कधी केलेला दिसत नाही. अर्नोल्ड यांच्या गटाने एक प्रथिन घेतलं, आइसलँडच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका बॅक्टेरियाचं. कोणतं प्रथिन? सायटोक्रोम-सी! तेच, बटाट्यातलं. म्हणजे त्याचा दूरचा भाऊ. जन्मभर इलेक्ट्रॉनच्या बादल्या पुढे देणारं. त्याच्या शंभराहून जास्त मण्यांपैकी फक्त तीन बदलले, आणि ते कार्बन-सिलिकॉन जोड असा बनवू लागलं की माणसाने बनवलेल्या सगळ्यात चांगल्या उत्प्रेरकांपेक्षा पंधरापट सरस.

यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मणी बदलायच्या आधीसुद्धा त्या मूळ प्रथिनात हे काम करण्याची थोडीशी क्षमता होती. अगदी थोडी, पण होती. कोट्यवधी वर्षांत त्याला ते काम कुणी दिलंच नव्हतं, एवढंच.

मी सेमिनारमध्ये ही स्लाइड दाखवली तेव्हा तिच्याच पुढे कमलाबाईंचा फोटो लावला. एका सरांनी विचारलं की याचा संबंध काय. मी सायटोक्रोम-सीचा संबंध सांगितला. दुसरा संबंध सांगायला धीर झाला नाही, तो इथे लिहिते.

आमच्या मुलींच्या होस्टेलचं गेट रात्री आठला बंद होतं. कॉम्प्युटर लॅब दहापर्यंत उघडी असते. सेमिनारसाठी मला प्रथिनांच्या डेटावर एक मॉडेल ट्रेन करायचं होतं, आणि लॅबमधलं चांगलं मशीन रिकामं मिळतं ते संध्याकाळी सातनंतर. रोज पावणेआठला मी चालू काम सोडून यायचे. शेवटी माझ्या ग्रुपमधल्या मुलांनी ते पूर्ण केलं. त्यांनी मन लावून केलं, चांगलं केलं, त्यांचे आभार. पण ते काम माझं होतं. कमलाबाईंना अट होती रात्री उशिरापर्यंत थांबायची, आणि आम्हाला अट आहे रात्र व्हायच्या आत निघायची. नव्वद वर्षांत अट उलटी झाली, पण अजून ती मुलीलाच आहे.

रेक्टर मॅडमबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यावर जबाबदारी आहे, आमच्या घरच्यांचे फोन त्यांनाच येतात, हे आम्हाला कळतं. म्हणून आम्ही काही मुलींनी भांडण न करता एक अर्ज दिला आहे. लॅबच्या रजिस्टरला सही करून, जाता-येता सिक्युरिटीच्या काकांना सोबत घेऊन, परीक्षेच्या आणि प्रोजेक्टच्या महिन्यांत दहापर्यंत थांबू द्यावं, एवढंच त्यात लिहिलं आहे. अर्ज मराठीत आहे, आणि तो मी लिहिला आहे. कॉन्व्हेंटची असून!

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आज्जीला सांगितलं की मी मागच्या वेळी चुकीचं बोलले होते, आपल्यातल्याही एका बाईने हे काम केलंय, आणि सगळी हकिगत सांगितली. बटाटा, वाल, नीरा. नीरेचं ऐकताना ती आजोबांच्या फोटोकडे बघून हसली. मग तिने विचारलं की त्या रमणसाहेबांना शेवटी पटलं का. मी म्हटलं, हो, एक वर्ष लागलं. आज्जी म्हणाली, मग तुझ्या अर्जालाही थोडे दिवस दे.

देते. अर्ज देऊन आज तीन आठवडे झाले. आणि उद्या मेसमध्ये पुन्हा बटाटा आहे.